शेठजींच्या कपाळाला भंडारा

हैदराबाद, बेगमबाजार
चैत्र वद्य सप्तमी, शके १८६७

तीर्थस्वरूप काशाप्पा मामा यांच्या पायावर, अन बाणूबाई मामींच्याबी पायावर, रामलिंगचं डोकं. मी इथं खुशाल हाय. तुमची खुशाली तिप्पण्णाच्या तोंडून कळली. तो घोंगड्या विकायला आला होता. आमच्या दुकानापुढं बसून तीन सोडे फुकट प्याला, अन प्रत्येक सोड्याला गावाची एकेक बातमी दिली. परवा तो माघारी निघायलाय. त्याच्याच हाती हे पत्र देतोय.

पत्र वाचून दाखवणारे उद्धवराव मास्तर यांनाबी नमस्कार. मास्तर, एक विनंती हाय. तुम्ही पत्र वाचायला बसलात की कट्ट्यावर अर्धा बाजार गोळा होतो, अन तुम्हालाबी मग आवाज चढवायची हौस येते. या खेपेला तसं करू नका. मामांच्या घरात बसा, दार लोटून घ्या अन हळू वाचा. मोठ्यानं वाचण्यासारखं यात काही न्हाई.

कागदाच्या मागच्या अंगाला इंग्रजी आकडे छापलेले दिसतील, त्याला भिऊ नका. ती नोटीस न्हाई. लढाईमुळं कोरा कागद मिळंना. हे समोरच्या पेढीतलं शिळं भावपत्रक हाय. आम्ही ते बाटल्या पुसायला आणतो.

मामी, मी जेवतो का उपाशी राहतो ते तुम्ही तिप्पण्णाला विचारलंत म्हणे. जेवतो. दिवाळीनंतर निघालो तेव्हापासून तीन ठिकाणी काम केलं. पहिलं सायकलच्या दुकानात. तिथं पंक्चर काढता काढता मालकाच्या जावयाची सायकल घेऊन चारमिनार बघून आलो, म्हणून काढलं. मग गुंड्यांच्या कारखान्यात. तिथं दिवसभर एकाच जागी बसून गुंडीला चार भोकं पाडायची. बाराव्या दिवशी मला सगळ्या माणसांच्या तोंडाला चार भोकं दिसायला लागली, म्हणून मीच निघालो. आता गोळीच्या सोड्याचं दुकान. अंगठ्यानं गोळी दाबायची, फस्स झालं की गिऱ्हाईकाला द्यायचं. उजवा अंगठा बैलाच्या खुरावानी झालाय. मामा, तुम्ही म्हणायचा ना, पोरगं एका जागी ठरत न्हाई. खरं हाय. पण सोड्याच्या दुकानात चार महिने ठरलोय.

तिप्पण्णा सांगत होता, तुमचा सौद्याचा रुमाल हरवलाय. ऐकून वाईट वाटलं. नीट शोधा. कणगीच्या मागं बघितलं का? उंदरं वढून नेतात.

आता कामाचं लिहितो.

आमच्या दुकानासमोर एक मोठी पेढी हाय. शेठजी मारवाडाकडचे, पण तीन पिढ्या निजामाच्या मुलखात. त्यांची दलालीच हाय, पण आपल्यासारखी न्हाई. मामा, इथं मेंढरू नसतं. गिरणीचा कागद असतो, त्याला शेअर म्हणतात. तो कागद एकजण विकतो, दुसरा घेतो, अन शेठजी मधी. दात बघायचे न्हाईत, पाठ चाचपायची न्हाई, शेपूट उचलायची न्हाई. विकणाऱ्यानं गिरणी बघितलेली नसते, घेणाऱ्यानंबी नसते. मी सोडा घेऊन गेलो की बघत उभा राहायचो. एकदा तिथले मोठे मुनीम किशनराव यांना विचारलं, "साहेब, समदे भाव बोलायलेत, पण मेंढरू कुठाय?" किशनराव आपल्या भालकीकडचे. त्यांना प्रश्न लगेच कळला. म्हणाले, "मेंढरू गिरणीत असतंय रे. इथं नुसती लोकर येते. अन कधीकधी लोकरबी न्हाई, नुसती बें बें."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात ती पेढी बसली.

उन्हाळ्यात तिथले चार मुनीम लग्नांसाठी मारवाडात जातात. आखातीजला, म्हणजे आपल्या अक्षय तृतीयेला, निघतात ते पाऊस पडल्यावर येतात. तेवढ्या दोन महिन्यांसाठी पेढी दोन उमेदवार घेते. उमेदवाराला पगार नसतो. दोन वेळचं जेवण, अन काम शिकायला मिळतं. जो चांगला निघाला त्याला पुढं ठेवून घेतात. किशनरावांनीच मला सांगितलं, "सोमवारी मुलाखत हाय. शेठजी स्वतः बसणार. येऊन बस, न्हाई म्हणाले तर सोडा देऊन जा."

म्हणून गेलो. अंघोळ केली, दुकानमालकाचा फेटा मागून घेतला.

माझ्यासकट तिघं होतो. एक हणमंतराव, मॅट्रिक पास, वैशाखवणवा तोंडावर आला असताना लोकरीचा कोट घालून आलेला. कोटाच्या खिशाला शाईचा पेन होता. तो गळत होता अन हणमंतरावाची छाती निळी व्हायली होती, पण सांगायचं कुणी? दुसरा एका किराणावाल्याचा जावई. त्याला आत बोलावल्यावर त्यानं शेठजींना पहिला प्रश्न विचारला, की दुपारी झोपायला जागा कुठं. तो लवकर बाहेर आला.

हणमंतराव आत गेला. त्यानं उत्तरं इंग्रजीत दिली. पहिलं उत्तर इतकं लांबलं की शेठजींचा डोळा लागला. किशनरावांनी खाकरून त्यांना उठवलं, तेव्हा शेठजी दचकून म्हणाले, "बहुत अच्छा, बहुत अच्छा." त्यामुळं हणमंतराव पास झाला असं आम्हाला बाहेर बसून वाटलं.

मग मी.

शेठजी गादीवर, लोडाला टेकून. अंगानं भारी, पांढराशुभ्र मलमलीचा अंगरखा, त्यावर एक डाग न्हाई. मला बघून म्हणाले, "अरे, ये तो अपना सोडेवाला. किसने मंगाया?"

मी म्हटलं, "सोडा न्हाई शेठजी. आज मीच आलोय."

किशनरावांनी दौत पुढं ओढली. "शिक्षण?"

"तिसरी."

"पास?"

"तीनदा बसलो."

"म्हणजे नववी झाली की," किशनराव म्हणाले, अन कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं देव जाणे. "दलालीचा काही अनुभव?"

"चार वर्षं. राजेश्वरच्या बाजारात, माझ्या मामांच्या हाताखाली. काशाप्पा दलाल."

"कशाची दलाली?"

"मेंढरांची."

दारात उभा असलेला हणमंतराव खॅ करून हसला. मामा, मला राग आला, पण मी गप्प बसलो. तुम्हाला खोटं वाटंल, पण बसलो.

शेठजी हसले न्हाईत. लोडावरून पुढं झुकले. म्हणाले, "बेचनेवाला डेढ सौ बोला, लेनेवाला सवा सौ बोला. अब तू क्या करेगा?"

हा प्रश्न त्यांनी हणमंतरावालाबी विचारला होता. त्यानं गणित करून एकशे साडेसदतीस आणलं होतं. मी तुमचंच वाक्य सांगितलं. म्हटलं, "शेठजी, दोघांनी तोंडानं भाव बोललाच, म्हणजे दलाल आधीच हरला. चार माणसांत आकडा बाहेर पडला की कुणीच मागं सरत न्हाई, इज्जत आडवी येते. आमच्याकडं भाव तोंडात न्हाई, बोटांत असतो. रुमालाखाली. बाहेर कुणाला कळत न्हाई, म्हणून दोघांनाबी मागं सरता येतं."

शेठजींनी किशनरावांकडं बघितलं. किशनराव म्हणाले, "खरं हाय शेठजी. आमच्याकडं असंच चालतं."

"दिखा," शेठजी म्हणाले, अन हात पुढं केला.

माझ्या गळ्यात एक रुमाल होता. रुमाल म्हणजे असाच, माणसाच्या गळ्यात असतो तसला. तो मी शेठजींच्या हातावर टाकला अन खाली माझा हात घातला.

मामा, आता नीट ऐका, कारण इथंच घोटाळा झाला. शेठजींना वाटलं हा खेळ दाखवायलाय. मला वाटलं माझ्या पगाराचा सौदा चाललाय. माझी काय चूक? आपल्या बाजारात एकदा रुमालाखाली हात गेला की तो खेळ नसतो. तिथं हात घालून नुसतं बसणारा माणूस मी जन्मात बघितला न्हाई. म्हणून मी शेठजींची पाची बोटं धरली. महिना पाच रुपये.

शेठजींनी हात वळवला अन माझ्या मुठीत दोनच बोटं राहिली. म्हणजे दोन रुपये. मी चार धरली. शेठजींनी पुन्हा हात आक्रसला, एक बोट सुटलं. मी मनात म्हटलं, वा, काय कसलेला माणूस हाय. तोंड लाल झालंय, डोळ्यांत पाणी आलंय, पण दात दाखवीना. मामा, अगदी तुम्हीच. मी तीन धरली अन वाट बघितली. शेठजींनी एकदम सगळी मूठ आवळली.

मूठ आवळली म्हणजे पक्का.

मागनं किशनरावांनी सांगितलं, शेठजींच्या तळहाताला भयंकर गुदगुल्या होतात. घरचे लोक त्यांच्या हातावर प्रसादसुद्धा वरून टाकतात. ते बिचारे माझ्यापासून हात सोडवून घ्यायलेले.

पण मला ते काय माहीत? सौदा पक्का झाला, अन चार वर्षं माझ्या हातांना जे वळण लागलंय ते त्यांनी केलं. डाव्या हातानं रुमालाच्या कोपऱ्याची गाठ सोडली, चिमूटभर भंडारा घेतला, "येळकोट" म्हटलं, अन समोर जे होतं त्याच्या कपाळाला लावला.

समोर शेठजी होते.

पेढीत कागद वाजायचा थांबला. भंडारा कपाळावरून नाकावर, नाकावरून मिशीत, अन तिथून त्या शुभ्र मलमलीवर सांडला. आठ मुनीम माना वर करून बघायलेले. शेठजी हळदीच्या नवऱ्यासारखे पिवळे होऊन बसलेले. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "किशनराव, ये क्या हुआ?"

किशनरावांनी तोंडावर चोपडी धरली होती. चोपडी हलत होती. म्हणाले, "शेठजी, यांच्याकडं सौदा झाला की मैलाराचा, म्हणजे खंडोबाचा, भंडारा लावतात."

"किसको लगाते हैं?"

"विकलेल्या जनावराला."

"मतलब?"

"मतलब शेठजी, तुम्ही आता याचे झालात. महिना तीन रुपयांत."

मामा, मला वाटलं आता पेढीतनंच न्हाई, निजामाच्या मुलखातनं हाकलतात. पण शेठजी हसायला लागले. ते हसले की लोड हलतो, लोड हलला की दौत हलते. दौत सांडली ती गंमत बघायला पुढं आलेल्या हणमंतरावाच्या धोतरावर, त्यामुळं तो आता वरखाली सारखाच निळा झाला. शेठजींनी पोटभर हसून डोळे पुसले. भंडारा पुसला न्हाई. म्हणाले, माझे आजोबा उदगीरला तुपाची दलाली करायचे, तेबी रुमालाखालीच. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मी बघितलंय. तो रुमाल आजोबांनी वडिलांनासुद्धा मरेपर्यंत दिला न्हाई.

मग त्यांनी तुमचा रुमाल हातात घेतला.

होय मामा. तुमचा लिहिलंय. आता खोडत न्हाई. रुमालाला भंडाऱ्याची गाठ आली तेव्हाच तुम्ही ओळखलं असंल, अन मामींनी कपाळावर हात मारून घेतला असंल. पण आधी पेढीतलं पुरं सांगू द्या.

शेठजींनी रुमाल उलटा-सुलटा केला. तांबडा काठ बघितला, मामींनी लावलेली ठिगळं बघितली. विचारलं, "किसका है?"

"मामांचा."

"उन्होंने दिया?"

मामा, तुम्ही मला चार वर्षं एकच गोष्ट शिकवत होता, तोंडावर काही दिसू द्यायचं न्हाई. अन मला ती कधी जमली न्हाई. त्या दिवशी कोहिनूर गावच्या पाटलाच्या एडक्याचा सौदा चालला होता. रुमालाखाली भाव चढला तसा माझ्या तोंडावर हसू चढलं, गिऱ्हाईकानं ते बघितलं अन हात काढून घेतला. तुम्ही भर बाजारात ओरडलात, "तुझं तोंड म्हणजे उघडं दुकान हाय! गिऱ्हाईकाला आत यायचीबी गरज न्हाई, भाव बाहेरूनच दिसतोय! जा, मेंढरं वळ, त्यांना तुझं तोंड चालतंय!" समदा बाजार हसला. तुमच्या जोडीचे दलाल राघोबा काका तेवढे हसले न्हाईत. त्यांनी मला चिलीम भरायच्या निमित्तानं बाजूला नेलं.

तर त्या दिवशी पेढीत, शेठजींपुढं, माझं तोंड पहिल्यांदा बंद राहिलं. एक सुरकुती हलली न्हाई. मी म्हटलं, "व्हय शेठजी. मामांनी दिला. राजीखुशीनं."

तुम्ही तिथं असता तर शाबास म्हणाला असता, अन मग कानाखाली दिली असती.

शेठजी खूश. म्हणाले, ज्याला दलालानं आपला रुमाल दिला त्याला दुसरा जामीन कशाला पाहिजे? पण पेढीचा रिवाज हाय, कागद लागतो. आखातीजच्या आत मामांकडनं चिठ्ठी आण, की रुमाल मीच दिला, पोरगा इमानदार हाय. चिठ्ठी आली की गादीवर बस.

झालं असं मामा. माझी उमेदवारी तुमच्या एका ओळीवर अडकली. अन ती ओळ खोटी हाय.

मी लगेच तुम्हाला एक पत्र लिहिलं. हे न्हाई, दुसरं. त्यात तुम्हाला लई गोड बोललो होतो. मामींच्या पुरणपोळ्यांची आठवण दोनदा काढली होती. शेवटी हळूच लिहिलं होतं, की रुमाल दिला असं चिठ्ठीत लिहा, त्यात तुमचं काय जातंय. पत्र बंद करून ठेवलं होतं. मग तिप्पण्णा आला अन तिसऱ्या सोड्याला त्यानं राघोबा काकांवर आलेल्या आळाची बातमी सांगितली.

मास्तर, आता उठा अन दार उघडा. कट्ट्यावर जा. राघोबा काकांना बोलावून आणा. ते येत न्हाई म्हणाले तर म्हणावं रामलिंगनं पायाला हात लावून बोलावलंय. माणसं जमली की इथून पुढं मोठ्यानं वाचा, तुमचा कवायतीचा आवाज काढा.

राजेश्वरच्या बाजारातल्या समद्या मंडळींना रामलिंगचा नमस्कार. काशाप्पा मामांचा रुमाल राघोबा काकांनी घेतला न्हाई. मी घेतला. दिवाळी सरल्यावर, मी निघालो त्या सकाळी, खुंटीवरून काढला, घडी केली अन बंडीच्या आत घातला. कुणी सांगितलं न्हाई, कुणाला माहीत न्हाई. राघोबा काकांनी खानापूरच्या मैलाराला जाऊन भंडारा हातात घेऊन शपथ वाहिली, ती शपथ खरी हाय. त्यांच्या शपथेवर हसणाऱ्यांनी आता खाली बघावं. मीबी इथं खाली बघूनच लिहायलोय.

मामा, तिप्पण्णा म्हणाला की वीस वर्षं एका रुमालाखाली हात घातलेली तुम्ही दोघं माणसं आता बाजाराच्या दोन टोकांना बसता. तुम्ही चिंचेखाली, ते विहिरीपाशी. बोलणं बंद. तुम्ही मामींच्या फाटक्या लुगड्याच्या तुकड्याखाली सौदे करता, अन लोक विचारतात, आज मेंढरू विकायचंय का लुगडं. अन मी इथं बसून कणगीमागं उंदरं शोधा म्हणून लिहायलोय. वर लिहिलेलं ते खोडलं न्हाई. किती निर्लज्ज झालो होतो ते तुम्हाला कळावं म्हणून ठेवलं.

कामून घेतला, ते विचाराल. पहिलं कारण राग. म्हटलं, शोधू दे म्हाताऱ्याला चार दिवस. दुसरं कारण बीदरच्या पुढं गेल्यावर कळलं. गाडीत तोंड पुसायला तो काढला, तर त्याला तुमच्या तंबाखूचा वास यायलेला. मग तो परत कसा धाडू? धाडला तर माझ्याकडं गावचं काय राहतं? ही कारणं माफीसाठी सांगत न्हाई. विचारलंत म्हणून सांगितली.

रुमाल या पत्राबरोबर तिप्पण्णाकडं दिलाय. धुतला न्हाई. कोपऱ्यातला थोडा भंडारा शेठजींच्या अंगावर गेला, बाकी आहे तेवढा हाय.

चिठ्ठीचं तुमच्यावर. जे खरं ते लिहा, न्हाईतर काहीच लिहू नका. इथून रुमालाखाली हात घालता येत न्हाई, म्हणून उघड्यावर बोलतोय, अन भाव बोलून बसलेला दलाल आधीच हरलेला असतो. मामींना सांभाळा. राघोबा काकांपुढं पहिल्यांदा तुम्ही जा. ते वयानं मोठे हायत.

तुमच्या खुंटीचा चोर,
रामलिंग


हैदराबाद, बेगमबाजार
वैशाख शुद्ध चतुर्थी, शके १८६७

तीर्थस्वरूप मामा अन मामी, तसंच तीर्थस्वरूप राघोबा काका, तिघांनाबी एकाच ओळीत दंडवत. एका ओळीत बसवल्याचा राग कुणाला आला तर अजून भांडण मिटलं न्हाई असं समजीन.

आखातीजला दुपारपर्यंत चिठ्ठी आली न्हाई. मुनीम लोकांचे टांगे दाराशी लागले. किशनराव दोनदा बाहेर येऊन माझ्याकडं बघून गेले. मी सोड्याच्या गोळ्या दाबत होतो अन एकीचाबी नेम लागत न्हवता. मनाशी ठरवलं होतं, चिठ्ठी आली न्हाई तरी संध्याकाळच्या आत जाऊन शेठजींना खरं सांगायचं. तेवढ्यात तिप्पण्णाचा भाऊ घामाघूम होऊन आला. लिफाफा त्यानं फेट्यात ठेवला होता, म्हणून अर्धी शाई फेट्यावरच उतरली होती.

मी तो फोडला न्हाई. तसाच पेढीत नेला. शेठजी म्हणाले, पढो. किशनरावांनी मोठ्यानं वाचला, अन मी गादीच्या कडेला उभा राहून ऐकला. तुम्ही मास्तरांकडनं लिहवून घेतलं ते मला आता पाठ झालंय:

"राजेश्वरहून काशाप्पा दलालांचा शेठजींना रामराम. रामलिंग हा माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. रुमाल मी दिला न्हाई. त्यानं चोरला. परत धाडला तोबी त्यानंच, कुणी मागितला नसताना. अंगचे गुण असे. खोटं बोलता येत न्हाई, बोललाच तर आठ दिवसांत स्वतःच पत्र लिहून कळवतो. तोंड म्हणजे उघडं दुकान. सौद्याला बसवाल तर बुडाल. एका जागी फार दिवस बसत न्हाई, पण भूक लागली की येतो. जामीन मी. दुसरा जामीन राघोबा, त्याचा अंगठा खाली हाय."

अंगठा खरंच होता. शाई फेट्यानं खाल्ली होती, पण अंगठा राहिला होता.

मी शेठजींकडं बघितलं न्हाई. माझं तोंड त्या वेळी काय करायलं होतं मला माहीत न्हाई, पण शेठजी ते बघत होते. मग म्हणाले, "किशनराव, मामा सच बोलता है. ये तो सचमुच खुली दुकान है." अन लोड हलायला लागला.

निकाल असा झाला. सौद्याच्या गादीवर हणमंतराव बसला. त्यानं कोट काढलाय. मला शेठजींनी दाराशी बसवलंय. येणाऱ्या गिऱ्हाईकाला या म्हणायचं, पाणी द्यायचं अन नुसतं समोर बसून राहायचं. शेठजी म्हणतात, माझं तोंड बघून गिऱ्हाईकाला वाटतं या पेढीत लपवायला काही न्हाई. पण आत भाव चालला की मला पाठ फिरवून बसायची सक्त ताकीद हाय. पगाराचं मी विसरलो होतो. किशनरावांनीच आठवण केली, की शेठजी, भंडारा लागलाय, आता मोडता येत न्हाई. तर महिना तीन रुपये. पेढीत पगारी उमेदवार मी पहिलाच.

लिफाफ्यात एक पुडी होती. त्यावर मास्तरांच्या अक्षरात, "रामलिंगला एकट्याला." ती मी दाराशी बसून उघडली. आत भंडारा, अन चार ओळींचा कागद:

"हा शेठजींना लावू नकोस. राघोबा अजून माझ्याशी बोलत न्हाई. मी त्याच्या विहिरीपाशी गेलो, काही न बोलता रुमाल टाकला. त्यानं लई वेळ बघितलं, मग खाली हात घातला. सौदा तुझा होता. काय भाव ठरला ते विचारू नकोस, रुमालाखालचं रुमालाखाली. मूठ त्यानंच आवळली. हा त्यातला भंडारा हाय, तुझ्या कपाळाला लाव."

लावला मामा. "येळकोट" म्हटलं, हळूच. शेठजी दुपारी झोपून उठून बाहेर आले, माझं पिवळं कपाळ बघून थांबले अन म्हणाले, "अरे, अब तुझे किसने खरीदा?"

मी त्यांच्याकडं तोंड वर केलं. त्यांनी पुन्हा विचारलं न्हाई, माझ्या तोंडावर वाचून घेतलं असंल.

दोन हातांच्या एका सौद्यात गेलेला,
तुमचा अन राघोबा काकांचा
रामलिंग